पन्हळीखालच्या पिंपांतील बिऱ्हाडें

गोठ्याच्या पन्हळीखालीं पिंप मांडून पावसाचें पाणी धरण्याची चाल आमच्या नाशिक जिल्ह्यांत नवी नाहीं. इगतपुरीकडे हें पाणी कोठें घालवावें याची चिंता, तर सिन्नर-येवल्याकडे तें कोठें सांठवावें याची. वीस चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला कीं २०० लिटरांचें पिंप भरतें, हा हिशेब आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या पिंपांत पाण्याखेरीज आणखी कोण कोण राहावयास येतें, हें आम्हांसही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतें. आणि तें शिकण्याची किंमत घरांतच मोजावी लागली.

गेल्या श्रावणांत आमचा नातू तापानें पडला. रक्त तपासतां डेंग्यू निघाला, व नऊ दिवस मुलगा रुग्णालयांत राहिला. तो बरा होऊन घरीं आल्यावर एक आरोग्यसेवक चौकशीस आला. आम्हीं त्यास उकिरडा व मोरीचें गटार दाखवूं लागलों, तर तिकडे न पाहतां तो सरळ परसांत गेला आणि पिंपांत विजेरीचा झोत टाकून म्हणाला, "आबा, हें बघा." पाणी इतकें नितळ कीं तळ दिसत होता, आणि त्या नितळ पाण्यांत शेंकडो अळ्या वेडेवांकडे झोके घेत वर येत होत्या व खालीं जात होत्या. डास घाणींतच होतात, ही आमची समजूत त्या क्षणीं संपली. हत्तीरोग पसरविणाऱ्या डासास घाण पाणी मानवतें हें खरें. पण ज्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, जो दिवसा चावतो व डेंग्यू आणि चिकुनगुन्या या दोन्ही तापांचा वाहक आहे, त्या एडिस डासास घरांतील रांजण, पिंपें आणि टाक्या यांतील स्वच्छ पाणीच प्रिय असतें.

मग प्रश्न असा कीं, झांकण ठेवलेल्या पिंपांतही या अळ्या येतात कोठून? आमच्या सालगड्याचें उत्तर तयार होतें : "आबा, ह्या पाण्यासंगंच वरून पडत्यात." त्यास हंसण्याचें कारण नाहीं. जरायुज, अंडज, उद्भिज्ज यांच्या जोडीस स्वेदज नांवाचा वर्ग कल्पून आपल्या पूर्वजांनीं डास-उवांस त्यांत घातलें होतेंच. आणि युरोपांतही मांसांतील किडे आपोआप होत नाहींत, माशीच्या अंड्यांतून होतात, हें फ्रांचेस्को रेदी यानें भांड्यांच्या तोंडांवर कापड बांधून दाखविलें तें १६६८ सालीं. आम्हीं तोच प्रयोग घरीं करण्याचें ठरविलें.

यंदा मृगाच्या पहिल्या सरीचें पाणी उकळून थंड केलें, आणि तें दोन रांजणांत भरलें. एक कुंभाराकडून नवाच आणलेला. दुसरा माघापासून कोठींत कोरडा पडून असलेला जुना. दोहोंच्या तोंडांवर दुपदरी मलमल घट्ट बांधली. आमची अपेक्षा अशी कीं दोहोंतही कांहीं निपजणार नाहीं, आणि सालगड्याची खात्री पटेल. तिसऱ्या दिवशीं मलमल सोडली. नव्या रांजणांतील पाणी रिकामें. जुन्यांत मात्र बारीक केसासारख्या अळ्या वळवळत होत्या! सालगडी कांहीं बोलला नाहीं, पण त्याच्या मिशींतलें हंसूं आम्हांस दिसलें.

उलगडा झाला तो जुन्या रांजणाच्या आंतील बाजूवर भिंग धरल्यावर. एडिसची मादी पाण्यावर अंडीं घालीत नाहीं. पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, ओलसर भिंतीस तीं चिकटवून ठेवते. खसखशीहूनही बारीक, काळीं अशीं तीं अंडीं भांडें कोरडें पडलें तरी कित्येक महिने जिवंत राहूं शकतात, आणि पाणी पुन्हां त्यांच्यापर्यंत चढलें कीं फुटतात. म्हणजे अळ्या आभाळांतून आल्या नव्हत्या व उकळलेल्या पाण्यांतूनही नव्हत्या. त्या गेल्या वर्षींच रांजणांत ठेव म्हणून ठेवलेल्या होत्या. यावरून कळतें कीं, पिंप पालथें करून पाणी फेंकणें हें अर्धेंच काम आहे. आंतील भिंत नारळाच्या शेंडीनें खसखसून घांसावी, धुवावी, व पिंप दिवसभर उन्हांत वाळवावें. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आपल्या हवेंत सुमारें आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळण्याचा जो आग्रह धरतात, तो गणित करूनच.

हा रोग केवळ पावसाळ्याचा समजूं नये. २००६ सालीं आपल्याच जिल्ह्यांत मालेगांवीं चिकुनगुन्याचे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले, ते फेब्रुवारी-मार्चमध्यें. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांत बार्शीसही याच तापाची सांथ आली होती. पाणी जितकें दुर्मिळ, तितकें तें घरांत अधिक दिवस सांठवून ठेवावें लागतें, आणि तितकी डासाची सोय होते. टँकरवर दिवस काढणाऱ्या गांवांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

पाण्यांतील न दिसणाऱ्या पाहुण्यानें महाराष्ट्रास पूर्वीं याहूनही छळलें आहे. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याच्या काळांत नारूचा लांबलचक दोरा पायांतून निघे. तो रोग सायक्लॉप्स नांवाच्या ठिपक्याएवढ्या जलकीटकामार्फत पोटांत जाई. त्यावर लस निघाली नाहीं, औषधही नाहीं. दुपदरी फडक्यानें पाणी गाळणें आणि रुग्णास विहिरींत उतरूं न देणें, अशा उपायांनींच तो हटला. देशांतील शेवटचा रुग्ण १९९६ सालीं राजस्थानांत नोंदला गेला, व २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला.

आतां मळ्यांतील पिंपाची हकीकत. द्राक्षबागेच्या कडेस, वस्तीपासून बरेंच दूर, एक उघडें पिंप आम्ही विसरलों होतों. भाद्रपदांत तें रिकामें करावयास गेलों, तों डासांच्या अळ्यांनीं भरलेलें असेल या खात्रीनें. निघालें भलतेंच. तळच्या गाळांत लालभडक दोऱ्यांसारख्या अळ्या होत्या. या न चावणाऱ्या चिलटांच्या. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तांतील द्रव्याच्याच जातीचा असून गाळांतला तुटपुंजा प्राणवायु धरून ठेवण्यास तो उपयोगी पडतो. कुजलेल्या पानांत उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी वर काढून श्वास घेणाऱ्या कांहीं किळसवाण्या अळ्या होत्या. त्यांस ठेंचण्यास सालगड्यानें पाय उचलला होता. त्यांची माशी हुबेहूब मधमाशीसारखी दिसते, डंख करीत नाहीं, आणि फुलाफुलांवर हिंडून परागीभवनास हातभार लावते. आंतील भिंतीस साबणाच्या फेंसासारखा वाळका गोळा चिकटलेला होता, तो झाडबेडकाचें घरटें. त्यांतून पाण्यांत गळलेलीं पिलें खालीं पोहत होतीं.

डासांच्या अळ्या मात्र शोधूनही दोन-तीनच मिळाल्या. कारण गाळांत दबा धरून बसलें होतें : चतुराचीं मटकट रंगाचीं पिलें. याच्या खालच्या ओठास बिजागरी असते. भक्ष्य जवळ येतांच तो ओठ झटक्यानें पुढें फेंकून तें पकडतें. पावसाळी वाऱ्यांबरोबर येणारे पिवळे चतुर असल्या तात्पुरत्या पाण्यांतच अंडीं घालतात, व पिलें दीड-दोन महिन्यांत उडून जातात.

म्हणून घरचें पिंप चतुरावर सोंपवावें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. चतुर येईल कीं नाहीं, हा त्याचा प्रश्न. डास येणार हें निश्चित. घरापाशीं झांकण, मलमल व आठवड्याची घांसणी, हेंच खरें. जीं टाकीं रिकामीं करतां येत नाहींत, त्यांत गप्पी मासे सोडावे. आरोग्य खात्याकडे ते मिळूं शकतात. परंतु ते परदेशी मासे आहेत, बेडकांचीं पिलेंही खातात. नदी-ओढ्यांत ते सोडूं नयेत. कोणी पाण्यावर रॉकेल ओततात, कोणी बागेचें उरलेलें औषध पिंपांत टाकतात. त्याच पाण्यास दुसऱ्या दिवशीं वासरूं तोंड लावतें, हें त्यांनीं आठवावें.

मळ्यांतलें पिंप आम्हीं अखेर रिकामें केलें, पण पाणी जमिनीवर ओतलें नाहीं. सालगड्यानें तें बादलीबादलीनें शेजारच्या डबक्यांत नेऊन सोडलें, आणि शेवटच्या बादलींत हात घालून एक शेपटीची अळी स्वतःच वेंचून काढली व जपून पाण्यांत टाकली.