सोलापूर एका दिवसात: तीनच थांबे, पण गोष्टीसकट

दुधनीहून सकाळच्या गाडीनं पाहुण्यांना सोलापूर दाखवायला न्यायचंय? मग मॅपवर पंधरा पिना टाकू नका. तीनच थांबे घ्या, आणि तिन्ही एका गोष्टीत ओवा: हे शहर कुणा एकाचं नाही.

पहिला थांबा भुईकोट किल्ला, ऊन चढायच्या आत. दुसरा, शेजारीच तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. घरी कन्नड बोलणारी आज्जी असेल ना, तर तिलाच गाइड करा!

तिसरा, चार हुतात्म्यांचे पुतळे. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. इथं सेल्फीआधी ही चार नावं मोठ्यानं वाचा. वेगवेगळ्या समाजांतली चार माणसं, फास मात्र एकच. अख्खं सोलापूर त्यात आलं.

तारीख? १२ जानेवारी धरा. दोन दिवस मुक्काम वाढवलात, तर संक्रांतीची गड्डा यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूकही बघून होईल. गर्दी असते, तेव्हा राहायची सोय आधीच करा.