बदली नाकारलेला कर्णधार

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला 'बदली' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. दर तीन-चार वर्षांनी तो कागद येतो. मग मुलांच्या शाळेचे दाखले, गॅसचे कनेक्शन, आईचे औषधपाणी अशी एकेक गाठ सोडवत संसार ट्रकमध्ये चढतो. आमच्या काळी काही जण प्रमोशनच नाकारीत. प्रमोशन म्हणजे लांबची बदली, हे समीकरण ठरलेले. अशा माणसांविषयी आम्ही दोन तोंडांनी बोलत असू. समोर म्हणायचे, 'सुखी माणूस आहेस बाबा!' आणि पाठ फिरली की म्हणायचे, 'धमक नाही.' यातले खरे कोणते, हे निवृत्तीनंतरही मला नीटसे ठरवता आलेले नाही. मारेक हामशिक या स्लोव्हाक फुटबॉलपटूची कारकीर्द २०२३च्या उन्हाळ्यात संपली, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला.

फुटबॉलमध्ये बदली ही शिक्षा नसते, तीच खरी बढती असते. लहान क्लबमधला गुणी खेळाडू मोठा क्लब विकत घेतो. खेळाडूला पैसा, चषक, कीर्ती मिळते. लहान क्लबला रक्कम मिळते आणि तो दुसरे पोर शोधायला लागतो. सगळे या रीतीने चालते. हामशिक मात्र एकाच क्लबात साडेअकरा वर्षे राहिला, आणि तोही अशा क्लबात, जिथे त्याच्या नशिबी एकदाही लीगचे विजेतेपद आले नाही.

हामशिकचा जन्म २७ जुलै १९८७चा, बान्स्का बिस्त्रित्सा या गावचा. त्या वेळी देशाचे नाव चेकोस्लोव्हाकिया होते. १ जानेवारी १९९३ला दोन देश वेगळे झाले, तेव्हा हे पोर साडेपाच वर्षांचे होते. फुटबॉलमध्ये 'चेकोस्लोव्हाकिया' या नावाला वजन होते. १९७६ साली त्यांनी युरोपचे विजेतेपद मिळवले, ते पश्चिम जर्मनीला हरवून. त्या संघात स्लोव्हाक खेळाडूंचा मोठा भरणा होता, कर्णधार आंतोन ओंद्रुश स्वतः स्लोव्हाक होता. पण अंतिम सामन्यातली पानेन्काची ती अलगद उचललेली पेनल्टी जगाच्या लक्षात राहिली, आणि पानेन्का पडला प्रागचा. विभक्त झालेल्या भावांत धाकट्याच्या वाट्याला जुन्या घराची कीर्ती येत नाही, तसेच काहीसे स्लोव्हाकियाचे झाले. ५४ लाखांच्या या देशाला आपली ओळख पहिल्यापासून उभी करायची होती.

ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हान क्लबातून हामशिक २००४ साली इटलीतल्या ब्रेशाला गेला. वय सतरा. रॉबर्तो बाज्जो नुकताच तिथून निवृत्त झाला होता. मार्च २००५मध्ये त्याने इटलीच्या पहिल्या श्रेणीत पदार्पण केले आणि त्याच हंगामाच्या शेवटी ब्रेशा दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढची दोन वर्षे पोरगा तिथेच खेळला, शिकला. २००७च्या जूनमध्ये नापोलीने त्याला सुमारे ५५ लाख युरो देऊन घेतले.

नापोली म्हटले की आपल्याकडे माराडोना आठवतो. १० मे १९८७ रोजी, हामशिकच्या जन्माच्या अडीच महिने आधी, माराडोनाच्या नापोलीने पहिल्यांदा इटलीचे विजेतेपद मिळवले. १९९० साली दुसऱ्यांदा. उत्तरेच्या श्रीमंत मिलान-तुरीनपुढे दक्षिणेचे हे गरीब, गोंगाटाचे, बदनाम बंदर एकदम ताठ उभे राहिले. त्यानंतर मात्र उतरण लागली. २००४ साली क्लबचे चक्क दिवाळे वाजले. ऑरेलियो दे लॉरेन्तीस या चित्रपटनिर्मात्याने तो विकत घेतला आणि तिसऱ्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात केली. २००७ साली नापोली पहिल्या श्रेणीत परतला, नेमका तेव्हाच हामशिक तिथे पोचला. म्हणजे त्याने नोकरी धरली ती वैभवातल्या पेढीत नव्हे, तर दिवाळखोरीतून नुकत्याच वर आलेल्या पेढीत.

पहिल्याच हंगामात लीगमध्ये नऊ गोल करून तो संघात सर्वाधिक गोल करणारा ठरला. मधल्या फळीतला खेळाडू, वय वीस, आणि डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केस! गावाने त्याला आपले म्हणायला वेळ लावला नाही. समुद्रकाठच्या मारेक्यारो या वस्तीच्या नावात 'मारेक' मिसळून गेला आणि तेच त्याचे टोपणनाव झाले.

त्याचा खेळ मात्र केसांसारखा दिखाऊ नव्हता. माराडोना चेंडू घेऊन माणसांमधून जायचा. हामशिक माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेतून, बहुधा चेंडूशिवाय जायचा. मैदानाच्या मध्यावर, जरा डावीकडे तो उभा असे. पुढचे गडी बचावपटूंना आपल्याकडे ओढून घेत, आणि मागून, सर्वांच्या नंतर, हा पेनल्टीच्या चौकोनात शिरे. उजवा पाय, डावा पाय, दोन्ही सारखे. असा माणूस टीव्हीच्या पडद्यावर फार वेळ दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. गोल झाल्यावर आपण म्हणतो, 'हा कुठून आला?' तो आलेला असतो बराच आधी निघून.

२० मे २०१२ रोजी रोममध्ये इटालियन चषकाचा अंतिम सामना झाला. समोर युव्हेन्टस; त्या मोसमात लीगमध्ये एकदाही न हरलेला संघ. नापोलीने त्यांना २-० असे हरवले. पहिला गोल कावानीचा, दुसरा हामशिकचा. १९९० नंतर नापोलीला मिळालेला हा पहिला चषक. २०१४ साली तो चषक पुन्हा आला, आणि वर्षाच्या अखेरीस दोहा येथे सुपर कपही. हामशिक तोवर कर्णधार झाला होता. विजेतेपद तेवढे राहिले होते.

या काळात त्याचे नाव मिलानशी, युव्हेन्टसशी पुनःपुन्हा जोडले गेले. तो गेला नाही. त्याच्याभोवतीची माणसे मात्र जात राहिली. लावेत्सी २०१२ साली पॅरिसला गेला, पाठोपाठ पुढच्या वर्षी कावानीही. २०१६ साली गोन्सालो इग्वाइनने लीगमध्ये ३६ गोल केले, इटलीच्या पहिल्या श्रेणीतला तेव्हाचा नवा उच्चांक. आणि त्याच उन्हाळ्यात तो ९ कोटी युरोंना युव्हेन्टसला गेला! नापोलीत त्याच्या नावाचे शर्ट पायाखाली तुडवले गेले. इग्वाइनने युव्हेन्टसबरोबर लीग जिंकली, एकदा नव्हे, तीनदा. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर चूक कोणाची? गेलेल्याची की राहिलेल्याची?

गेलेला प्रत्येक जण पैशासाठीच जातो, असे मानण्याची घाई आपण करतो. २०१० सालच्या विश्वचषकाचा प्रसंग इथे आठवतो. स्वतंत्र स्लोव्हाकियाचा हा पहिला विश्वचषक, आणि कर्णधार होता बावीस वर्षांचा हामशिक. २४ जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर त्यांनी इटलीला ३-२ असे हरवून जगज्जेत्यांना पहिल्याच फेरीतून घरी पाठवले. ज्या देशात पोटापाण्याला गेलो, त्याच देशाला बाहेर काढायचे! इटलीकडून भरपाईच्या वेळेत एक अप्रतिम गोल करूनही जो खेळाडू मैदानावर रडला, तो फाबियो क्वाल्यारेल्ला नापोलीतला हामशिकचाच सहकारी, आणि त्याच किनाऱ्यावरचा भूमिपुत्र. दोन महिन्यांनी क्वाल्यारेल्ला युव्हेन्टसला गेला आणि गावाने त्याला 'गद्दार' ठरवले. कित्येक वर्षे तो शिव्या खात राहिला. २०१७ साली न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा जगाला खरे कळले. मदतीच्या मिषाने जवळ आलेला एक पोलीसच निनावी पत्रांनी, खोट्या आरोपांनी त्याला आणि त्याच्या घरच्यांना छळत होता. मग त्याच गावाने फलक धरून त्याला पुन्हा आपला म्हटले. एखादा का गेला आणि एखादा का राहिला, हे बाहेरून सांगणारे आपण कोण?

हामशिकच्या राहण्यालाही त्यागाची झूल चढवण्याचे कारण नाही. त्याला उत्तम पगार होता, कर्णधाराचा मान होता, समुद्र होता. पण राहण्याचा निर्णय एकदा घेऊन भागत नाही, तो दर उन्हाळ्यात नव्याने घ्यावा लागतो, आणि दर वेळी शेजारची खुर्ची रिकामी झालेली असते. जाणाऱ्याला निरोपसमारंभ असतो. राहणाऱ्याला काय, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सराव.

मॉरित्सिओ सारी प्रशिक्षक असताना, २०१५ ते २०१८ या तीन वर्षांत, नापोलीचा खेळ इतका देखणा झाला की परके प्रेक्षकही तो पाहायला थांबत. डावीकडे गुलाम, हामशिक आणि इन्सिन्ये यांचा त्रिकोण चेंडू असा फिरवी, की समोरच्याला आपण कुठे उभे राहायचे तेच उमगू नये. तरीही सारी कित्येकदा तासाभराच्या खेळानंतर कर्णधारालाच बाहेर बोलावीत आणि झेलिन्स्कीला आत पाठवीत. हामशिक दंडावरची पट्टी काढून दुसऱ्याला बांधी आणि बाकावर जाऊन बसे.

२३ डिसेंबर २०१७ रोजी साम्पदोरियाविरुद्ध त्याने नापोलीसाठी आपला ११६वा गोल केला. माराडोनाचे ११५ होते. ज्या गावात माराडोनाच्या तसबिरीपुढे दिवा लागतो, तिथे त्याचा आकडा ओलांडणे ही साधी गोष्ट नव्हती. अर्थात माराडोनाला २५९ सामने पुरले होते, हामशिकला जवळपास दुप्पट लागले. तो दुसरा माराडोना नव्हता. अलौकिक माणसाचा आकडा एका लौकिक माणसाने रोज कामावर येऊन गाठला, एवढाच त्याचा अर्थ, आणि मला तो फार मोठा वाटतो.

त्याच हंगामात विजेतेपद हाताशी आले होते. २२ एप्रिल २०१८ला तुरीनमध्ये कूलिबालीने शेवटच्या क्षणी डोक्याने गोल करून युव्हेन्टसला हरवले, अंतर एका गुणावर आले. पुढच्याच रविवारी फ्लोरेन्समध्ये नापोली ०-३ असा कोसळला. हंगामाच्या शेवटी नापोलीचे ९१ गुण, युव्हेन्टसचे ९५. आधीच्या दोन्ही हंगामांत युव्हेन्टसने नेमक्या ९१ गुणांवरच विजेतेपद पटकावले होते. याला काय म्हणावे?

फेब्रुवारी २०१९मध्ये, एकतिसाव्या वर्षी, हामशिकने अखेर बदली स्वीकारली, आणि ती थेट चीनमधल्या डाल्यानची. क्लबला सुमारे २ कोटी युरो मिळाले, त्यालाही भरपूर मिळाले. ५२० सामने आणि १२१ गोल एवढा हिशेब मागे ठेवून तो गेला. सामन्यांचा तो उच्चांक अजून कोणी मोडलेला नाही. गोलांचा मात्र पुढच्याच वर्षी, २०२०मध्ये, द्रीस मर्टेन्सने मोडला.

आणि ४ मे २०२३ रोजी उदिने येथे १-१ अशी बरोबरी साधून नापोली तेहतीस वर्षांनी इटलीचा विजेता झाला. मधल्या फळीत सूत्रे होती स्तानिस्लाव लोबोत्का या खेळाडूकडे. हा ट्रेन्चिनचा, म्हणजे स्लोव्हाकच! २०२० साली तो नापोलीत आला, २०२५चे विजेतेपदही त्याला मिळाले. ज्या दाराशी हामशिक साडेअकरा वर्षे उभा होता, ते त्याच्याच देशबांधवाला काही वर्षांत उघडले. पहिले विजेतेपद आले त्यानंतर काही आठवड्यांतच हामशिकने बूट काढून ठेवले.

इथवर गोष्ट दुःखाची वाटते. पण खाते इथे बंद होत नाही. चीननंतर काही महिने स्वीडनमध्ये काढून २०२१च्या उन्हाळ्यात हामशिक तुर्कस्तानातल्या ट्रॅबझॉनला गेला. काळ्या समुद्रावरचे हे आणखी एक बंदर, इस्तंबूलच्या बड्या क्लबांपुढे दबलेले, १९८४पासून विजेतेपदाची वाट पाहणारे. ३० एप्रिल २०२२ला ट्रॅबझॉनस्पोर अडतीस वर्षांनी विजेता झाला, आणि त्या संघात हामशिक होता. पहिल्याच हंगामात! तिथेही कोणीतरी दहा-दहा वर्षे खेळले असेल, हरले असेल, रिकाम्या हाताने निवृत्त झाले असेल. त्यांनी वाट पाहिलेले फळ हामशिकच्या ओंजळीत पडले. हामशिकने वाट पाहिलेले फळ लोबोत्काच्या.

बँकेत आम्ही ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती 'सस्पेन्स'मध्ये टाकत असू. वर्षअखेरीला तिचा धनी शोधावा लागे, आणि कधी कधी ती भलत्याच शाखेची निघे. माणसाच्या कष्टांचेही बहुधा असेच होते. केलेले कुठेतरी जमा होते; आपल्याच नावावर, आपल्याच शाखेत होईल, याची हमी कोणी दिलेली नसते.

बान्स्का बिस्त्रित्सात त्याच्या नावाची फुटबॉलशाळा चालते. तिथली पोरे मोठी होतील, कुठे कुठे जातील, जिंकतील. प्रमोशन नाकारणाऱ्या आमच्या त्या सहकाऱ्यांना मात्र 'धमक नाही' म्हणताना मी आता जरा थांबेन. त्यांनी घडवलेले कारकून पुढे इतर शाखांचे मॅनेजर झाले, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.