आठ हजार फुटांवरची धडधड

लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांचा व्हिसा येतो, तिकीट निघतं, भाजणी आणि चटण्यांची पाकिटं काट्यावर तोलून बॅगेत भरली जातात. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर एक प्रश्न डोकं वर काढतो : वर गेल्यावर काही झालं तर? खाली समुद्र, ना दवाखाना ना रुग्णवाहिका. ही धास्ती फक्त रक्तदाब-मधुमेहवाल्यांनाच असते असंही नाही. तिशीतली धडधाकट माणसंही तिकीट काढताना चाचरतात. या भीतीला वेडगळ म्हणायचं कारण नाही. तिचा रोख मात्र बहुतेक वेळा भलतीकडेच असतो.

आधी विमानातली हवा पाहू. विमान ३५-३६ हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेरचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम पाव असतो. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात, पण समुद्रसपाटीइतकी नाही. आतल्या-बाहेरच्या दाबात जेवढी तफावत, तेवढा विमानाच्या अंगावर ताण, आणि तो प्रत्येक उड्डाणाला नव्याने येतो-जातो. १९५४ साली ‘कॉमेट’ या पहिल्या जेट प्रवासी विमानांपैकी दोन विमानं धातूच्या अशाच थकव्याने हवेत फुटली होती. हा ताण आटोक्यात राहावा म्हणून तडजोड ठरली : केबिनमधला दाब ८,००० फूट उंचीवरच्या हवेपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट, सिमला साडेसात हजाराच्या आसपास. म्हणजे घाम न गाळता, खुर्चीत बसल्या बसल्या, अर्ध्या तासात आपण सिमल्याच्याही वर गेलेलो असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ही नवी विमानं ही उंची ६,००० फुटांच्या घरात ठेवतात. वयस्कर माणसांसाठी तिकीट काढताना विमान कुठलं, हे बघायला हरकत नाही.

या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण एकूण दाबच तीन-चतुर्थांश, म्हणून दर श्वासागणिक तो कमी मिळतो. कोविडच्या दिवसांत घेतलेला आणि आता ड्रॉवरमध्ये पडून असलेला ऑक्सिमीटर घरी ९८ दाखवत असेल, तर विमानात ९२-९३ दाखवेल. निरोगी शरीर हे सहज निभावतं. पण आधीच धास्तावलेल्या माणसाने तो आकडा पाहिला की पुढचं सांगायला नको. श्वास भराभर चालू लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. हुबेहूब हार्ट अटॅक! लक्षणं खोटी नसतात, त्यांचं मूळ तेवढं भीतीत असतं. अर्थात साठीच्या माणसाने छातीत दुखत असताना ‘भीतीच असेल’ असं स्वतःच ठरवून गप्प बसू नये, कर्मचाऱ्यांना सांगावं.

दाबाचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसतो. वर गेल्यावर वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं. वर असताना पाणी संपवून बूच घट्ट लावलेली बाटली खाली उतरेपर्यंत चेपलेली असते. बंदिस्त हवा वर गेल्यावर साधारण एक तृतीयांशाने फुगते, हा बॉइलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. तोच नियम शरीरात अडकलेल्या हवेलाही लागू आहे. पोटाच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर, रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर, किंवा फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीत साठली असेल तर डॉक्टर विमानाला सक्त मनाई करतात ती त्यामुळेच.

यातली शेवटची गोष्ट १९९५ च्या मे महिन्यात हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या विमानात घडली. एक प्रवासी विमानतळावर येताना मोटरसायकलवरून पडली होती. मुका मार असेल, म्हणून ती तशीच विमानात बसली. आधी हाताची सूज दिसली, मग छातीत कळा आणि धाप. विमानात नॉटिंगहॅमचे अस्थिशल्यचिकित्सक अँगस वॉलेस होते, सोबतीला टॉम वाँग हे दुसरे डॉक्टर. मोडलेल्या बरगडीने फुफ्फुस फाटलंय आणि छातीत कोंडलेली हवा ते दाबतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. विमानातल्या पेटीत चाकू होता, बधिर करायचं औषध होतं आणि लघवीची नळी होती. ती नळी छातीत सरकेना, फार लवचीक. मग कोट अडकवायचा तारेचा हँगर सरळ केला, ब्रँडीने निर्जंतुक केला आणि नळीला आतून ताठपणा द्यायला वापरला. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, म्हणजे छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडेल पण परत आत शिरणार नाही. काही मिनिटांत तिला आराम पडला.

ही हकीकत नेहमी डॉक्टरांच्या बहादुरीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. मला मात्र तिचा पूर्वार्ध महत्त्वाचा वाटतो. बरगडी आकाशात मोडली नव्हती. दुखणं जमिनीवरच झालं होतं, बोर्डिंग पास घेऊन ते विमानात चढलं इतकंच.

आता आकडे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत ८४ विमान कंपन्यांनी जमिनीवरच्या वैद्यकीय मदत केंद्राला कळवलेल्या घटनांचा अभ्यास झाला. दर २१२ उड्डाणांमागे एक घटना, दहा लाख प्रवाशांमागे ३९. वर्षाला चार उड्डाणं करणाऱ्याच्या विमानात कोणाला तरी, त्याला स्वतःला नव्हे, असं काही होण्याची पाळी सरासरीने ५३ वर्षांत एकदा येईल. त्या घटनांमध्येही विमान वाट बदलून मध्येच उतरवावं लागलं ते १.७ टक्के वेळा. किरकोळ मळमळ-डोकेदुखी जिथल्या तिथे निस्तरली जाते, ती यात धरलेली नाही. पण वाट बदललेलं विमान पेपरात येतं आणि वेळेवर पोचलेलं येत नाही, म्हणून आपल्या मनातला हिशेब फुगतो.

होतं तरी काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे बारा हजार घटनांच्या अभ्यासात ३७ टक्के प्रकार भोवळीचे होते, त्याखालोखाल श्वासाच्या तक्रारी आणि मळमळ-उलट्या. हृदय बंद पडण्याच्या घटना ०.३ टक्के. भोवळीचं कारण सहसा साधं असतं. पहाटेच्या विमानासाठी रात्रभर झोप नाही, गडबडीत पोटात काही नाही, तासन् तास बसून रक्त पायांत उतरलेलं, त्यात ऑक्सिजन थोडा कमी. माणूस उठतो आणि कोसळतो. आडवं करून पाय वर धरले की बहुतेक जण काही मिनिटांत शुद्धीवर येतात.

त्याच अभ्यासात जवळपास निम्म्या घटनांत प्रवाशांमध्ये डॉक्टर सापडले होते. पण आवाजामुळे विमानात स्टेथोस्कोपचा उपयोग जवळजवळ शून्य. रक्तदाब नाडीवर बोट ठेवून अंदाजे घ्यावा लागतो. म्हणून कर्मचारी रेडिओवरून किंवा उपग्रह फोनवरून जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलतात, आणि विमान उतरवायचं की नाही हा शेवटचा निर्णय कॅप्टनचा असतो. बऱ्याच विमानांत हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्रही असतं. एका अमेरिकी कंपनीच्या विमानांत या यंत्राने झटका दिलेल्यांपैकी ४० टक्के जण पुढे रुग्णालयातून घरी गेल्याची नोंद २००० साली झाली. रस्त्यात किंवा घरात हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी दहांत एकही वाचत नाही. विमानात यंत्र चार पावलांवर असतं आणि ते चालवायला शिकलेला माणूस तिथेच असतो.

आपल्याकडे असं संकटातलं विमान पुष्कळदा नागपूरला उतरतं, कारण ते देशाच्या मध्यावर आहे. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेल्या विमानाच्या कॅप्टनलाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपुरात सुखरूप उतरवलं. कॅप्टन मात्र काही दिवसांनी गेले. योगायोग असा, की २०२३ मध्येही त्याच तारखेला बेंगळुरू-दिल्ली विमान तिथे उतरलं. हृदयाच्या जन्मजात दोषावर शस्त्रक्रिया झालेल्या लहानग्या मुलीचा श्वास थांबला होता. विमानातल्या ‘एम्स’च्या पाच डॉक्टरांनी तिचं हृदय पुन्हा चालू केलं. काही दिवसांनी ती चिमुकली रुग्णालयात दगावली. वाईट वाटतं, पण त्या दिवशी त्या विमानात जे करता येण्याजोगं होतं ते सारं केलं गेलं होतं.

तेव्हा काळजी करायचीच असेल तर घरी करावी, तिथे तिचा उपयोग आहे. गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत हवं. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठूही शकतं. आपल्याकडच्या आज्या शौचालयाला जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळीही परस्पर टाळतात, ते बंद करायला लावा. निघण्याच्या दिवशी उपास नको. दर तासाला उठून चार पावलं टाका : चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता दुपटीने वाढते, तरी ती सहा हजारांत एक इतकीच आहे. अलीकडे हार्ट अटॅक, शस्त्रक्रिया किंवा न्यूमोनिया झाला असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा. आजारांची आणि औषधांची इंग्रजीतली एक चिठ्ठी पासपोर्टात ठेवा. आणि प्रवासात ऑक्सिजन लागणार असेल तर विमान कंपनीला निदान दोन-तीन दिवस आधी कळवा. ऐन वेळी काउंटरवर मागून तो मिळत नाही.