उपवास हवा, उपासमार नको!

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, मधेच चतुर्थी, पंधरा दिवसांनी एकादशी. घरात सगळ्यात जास्त उपवास कोण करतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नकोच! आता त्यात ‘इंटरमिटंट फास्टिंग’ची भर पडलीय. वर्धा असो, आर्वी असो की हिंगणघाट, भिशीत एक तरी जण विचारतेच, "काय गं, तूपण दोनदाच जेवतेस?"

खरं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं होतं, दिवसाला पाचच पदार्थ खायचे आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. हेच गांधीजी १९३६ पासून आपल्या सेवाग्रामात राहिले. ‘दोनदाच जेवा’ असं सांगणारे डॉ. श्रीकांत जिचकारही शेजारच्या नागपूरचे. २००४ साली ते अपघातात गेले. त्यांचाच विचार पुढे नेत लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ‘दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत’ हा नियम घरोघरी पोचवला.

यामागचं गणित सोपं आहे. आपण खाल्लं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि शरीर चरबी साठवू लागतं. बराच वेळ पोटात काही गेलं नाही की इन्सुलिन उतरतं आणि साठवलेली चरबी खर्ची पडते. पण सकाळी चहासोबत गोरसपाक, अकराला चिवडा, मग मुलांच्या ताटातलं उरलेलं, असं दिवसभर तोंड चालू असेल तर ती पाळी येणार कधी?

मात्र नुसतं घड्याळ पाहून भागत नाही. चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखंच मोजकं अन्न होतं, पण एका गटानं ते सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं होतं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, फरक फारसा पडला नाही. म्हणजे ताटात काय आहे, तेही बघायला हवं.

आणि आपल्या उपवासाच्या ताटात काय असतं? साबुदाण्याची उसळ, बटाटा, वर चारदा गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, प्रथिनं आणि लोह नावालाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईनं आणखी एक जेवण सोडलं, तर ती उपासमारच!

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी आणि वाढत्या वयाच्या मुलींनी या फंदात पडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका, साखर एकदम खाली जाते. घाम फुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर खा.

बाकीच्यांनी एवढं करून बघा :

- रात्रीचं जेवण साडेसातला उरका. सकाळी साडेआठला खाल्लं तरी १३ तासांचा उपवास आपोआप घडतो.
- मधल्या वेळात पाणी किंवा पातळ ताक घ्या.
- जेवताना भाकर, वरण किंवा चून, पालेभाजी, दही पोटभर खा.
- उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, राजगिरा, शेंगदाणे, दूध घ्या.

आणि हो, आज रात्री सगळ्यांच्या बरोबरीनं स्वतःचंही ताट वाढून घ्या. सुरुवात तिथूनच करू या!