मोठ्या टेबलासाठी इंडेक्स कसा निवडायचा?

मागच्या व्याख्यानात टेबल डिस्कवर पानापानांनी कसं साठवलं जातं ते आपण पाहिलं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असं एक पान 8 केबीचं असतं. आता समजा, वीजमीटरच्या 10 कोटी नोंदींची फाइल आपण टेबलात भरली: ग्राहक क्रमांक, वेळ, युनिट. इंडेक्स कशावर करायचा?

पहिला मोह होतो तो प्रत्येक कॉलमवर इंडेक्स करून टाकण्याचा. पण इंडेक्स फुकट मिळत नाही. नवी ओळ आली की टेबलाबरोबर प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागते. म्हणून आपण आधी क्वेरी बघायच्या, कॉलम नंतर.

एक क्वेरी अशी: अमुक ग्राहकाच्या मार्च महिन्यातल्या नोंदी. इथे बी-ट्री इंडेक्स हवा, आणि तो दोन कॉलमवर: आधी ग्राहक क्रमांक, मग वेळ. हा क्रम का? टेलिफोन डिरेक्टरी आठवा. आडनाव ठाऊक असेल तर 'जोशी, सुनीता' लगेच सापडते. नुसत्या 'सुनीता' शोधायच्या तर सगळी डिरेक्टरी चाळावी लागते. म्हणून जिथे नेमकी किंमत जुळवायची तो कॉलम आधी, 'पासून-पर्यंत' असतं तो नंतर.

दुसरी क्वेरी: मार्चमधला सगळ्या ग्राहकांचा मिळून वापर. हा इंडेक्स इथे फारसा कामाचा नाही, कारण त्यात वेळ दुसरी आहे. इथे 9.5 आवृत्तीपासून मिळणारा ब्रिन इंडेक्स बघायचा. तो एकेक ओळ नोंदवत नाही. सहसा 128 पानांचा, म्हणजे 1 एमबीचा गट धरतो आणि त्यातली सर्वांत लहान व सर्वांत मोठी वेळ तेवढी लिहून ठेवतो. ज्या गटात मार्च असणंच शक्य नाही, तो गट उघडतच नाही. त्यामुळे हा इंडेक्स बी-ट्रीच्या मानाने अगदी छोटा राहतो.

पण एक अट आहे. नोंदी वेळेच्या क्रमानेच भरलेल्या हव्यात. तीच फाइल ग्राहकवार लावून भरली, तर जवळपास प्रत्येक गटात बाराही महिने येतील आणि एकही गट वगळता येणार नाही. इंडेक्स तोच, डेटा तोच. फक्त भरण्याचा क्रम बदलला आणि फायदा गेला!

तेव्हा अंदाजावर राहायचं नाही. 'एक्स्प्लेन अ‍ॅनलाइज' लावून क्वेरी चालवायची आणि इंडेक्स खरंच वापरला गेला का, किती पानं वाचली, ते बघायचं. जो वापरातच येत नाही, तो काढून टाकायचा.