सोफा-कम-बेड की दिवाण? एका छोट्या हॉलमधून शिकलेली संशोधनाची पद्धत

मागच्या दिवाळीत आत्याने फोनवर सरळ विचारलं, “तू लहान घरांवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग बघू, हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेऊ की दिवाण?”

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं वाचन केलं, प्रपोजल लिहिलं, सेमिनार दिले आणि साध्या प्रश्नावर अडकले. मग ठरवलं की हा प्रश्नच नीट सोडवायचा, अगदी संशोधनासारखा. तुमच्यापैकी जे आत्ता विषय शोधताय किंवा प्रश्नावली बनवायला बसलाय, त्यांच्यासाठी तो सगळा प्रकार इथे मांडते. संख्याशास्त्र लागणार नाही. मेजरिंग टेप आणि वही पुरेशी आहे.

आधी घर समजून घेऊ

आत्याचं डोंबिवलीत वन बीएचके आहे. हॉल १० बाय १२ फूट. आत्या आणि काका बेडरूममध्ये झोपतात. हॉलमध्ये आजी, म्हणजे आत्याच्या सासूबाई, जुन्या लोखंडी कॉटवर आणि बारावीतली माझी आतेबहीण खाली गादीवर. आतेबहिणीला अभ्यासाला टेबल नाही, ती मांडीवर पाट घेऊन लिहिते. कॉट काढून सोफा-कम-बेड आणला की दिवसा हॉल हॉलसारखा दिसेल आणि रात्री दोघी त्यावर झोपतील, असा आत्याचा हिशोब.

हा प्रश्न एका घराचा नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ मध्ये घर २२५ चौरस फुटांचं ठरलं, पुढे ते २६९ झालं आणि नंतर ३००. एवढ्या जागेत बसणं, झोपणं, जेवणं, अभ्यास, पाहुणे असं सगळं होतं. त्यामुळे ‘एका वस्तूचे दोन उपयोग’ ही इथे हौस नसते, गरज असते.

पहिली पायरी: प्रश्न बदला

‘कोणतं फर्निचर चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण चांगलं कोणासाठी आणि कशासाठी ते त्यात नाही. दुकानदार त्याचं उत्तर उपयोग मोजून देतो: थ्री-इन-वन, फोर-इन-वन. मी प्रश्न असा बदलला: या हॉलमध्ये कोणती कामं एकानंतर एक होतात आणि कोणती एकाच वेळी होतात?

फरक लक्षात घ्या. एकानंतर एक होणारी कामं एकाच वस्तूवर होऊ शकतात. एकाच वेळी होणारी दोन कामं मात्र एका वस्तूवर मावत नाहीत, मग ती कितीही इन-वन असू दे. हा प्रश्न मोजता येतो. तुमच्या प्रपोजलमधला प्रश्न मोजता येतो का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

दुसरी पायरी: विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका

मी छोटी प्रश्नावली केली. त्यात एक प्रश्न होता, “दिवसा हॉलमध्ये कोणी झोपतं का?” चौघांचंही उत्तर आलं, नाही. आजी तर म्हणाल्या, “मला काय गं, मी कुठेही बसते.”

या उत्तरावर थांबले असते तर सोफा-कम-बेड पास झाला असता. दिवसा कोणी झोपत नाही, मग बेड दिवसा बंद ठेवायला हरकत काय?

पण मी दोन दिवस तिथे राहिले, एक शनिवार आणि एक सोमवार. सकाळी ६ ते रात्री १२ दर अर्ध्या तासाने वहीत टिपलं, हॉलमध्ये कोण आहे, कुठे आहे, काय करतंय. दिवसाचे ३६ रकाने. सोमवारच्या पानावर, सकाळी ६ ते रात्री साडेनऊ या वेळात, आजी ७ रकान्यांमध्ये आडव्या झालेल्या होत्या. म्हणजे साधारण साडेतीन तास. आंघोळीनंतर थोडा वेळ, दुपारी जेवण झाल्यावर बराच वेळ आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी पुन्हा थोडा वेळ.

मी त्यांना पान दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, ती झोप नाही. जरा पाठ टेकते.”

आजी खोटं बोलल्या नव्हत्या, माझा शब्द चुकला होता. त्यांच्या मते दिवसा झोपणं म्हणजे आळस आणि पाठ टेकणं म्हणजे गुडघ्यांची गरज. मी ‘झोप’ विचारली, त्यांनी झोपेचं उत्तर दिलं. तुम्ही इंग्रजीतली तयार प्रश्नावली घेऊन ‘स्लीप’चं ‘झोप’ करून टाकलंत तर असंच होणार. प्रश्नावली वापरण्याआधी दोन-तीन जणांशी बोलून बघा की ते त्या गोष्टीला काय म्हणतात. पायलट स्टडीचा खरा फायदा हाच.

तिसरी पायरी: बदलायला लागणारा वेळ मोजा

आता सोफा-कम-बेड. एका मैत्रिणीच्या घरी आहे, तिथे मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. टीपॉय बाजूला करणं, उशा काढणं, खालचा भाग ओढणं, चादर घालणं: ४ मिनिटं. सकाळी घड्या करून सगळं जागेवर: ५ मिनिटं. एकदा उघडून बंद करायला ९ मिनिटं. आजींच्या दुपारसाठी आणखी एकदा धरलं तर रोजची १८ मिनिटं, म्हणजे वर्षाला सुमारे ११० तास.

रोज एवढं कोण करणार? आजींना तो ओढता येणार नाही आणि “मला पाठ टेकायचीय, बेड उघड” असं त्या सुनेला दिवसातून तीनदा म्हणणार नाहीत. त्या बसून राहतील. म्हणजे बेड उपलब्ध असून त्यांच्यासाठी नसल्यासारखाच. मी पाहिलेल्या काही घरांत उलटं झालंय, सोफा-कम-बेड कायम उघडाच असतो. मग तो महागडा बेड झाला, सोफा गेला.

आता जागेचा हिशोब. बंद सोफ्याची खोली ३ फूट, उघडल्यावर ६. समोरच्या भिंतीला दीड फुटाचं टीव्ही युनिट, त्याच्या शेजारी तेवढ्याच खोलीचं टेबल ठेवलं असं धरू. १० मधून ६ आणि दीड गेले, उरले अडीच फूट. त्यात खुर्ची ओढून बसायला २ फूट लागतात. आजी साडेनऊला झोपतात, आतेबहिणीचा अभ्यास बारापर्यंत चालतो. ही दोन कामं एकाच वेळची आहेत, पण बेड उघडल्यावर टेबलाशी बसलं की जायला-यायला अर्धा फूट. बारावीच्या वर्षात रोजचे अडीच तास असे अडचणीत जाणार होते.

हे आधी कोणी पाहिलंय?

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नावांची यादी नव्हे. आपल्याला अडलेला प्रश्न आधी कोणाला अडला होता, हे त्यात शोधायचं असतं.

जपानमध्ये १९४० च्या दशकात हाच वाद झाला. जपानी खोलीत चटया असतात; दिवसा बुटकं टेबल मांडून जेवायचं, रात्री ते उचलून अंथरूण घालायचं. मग खोली लहान असली तरी चालेल, कारण ती बदलता येते, असं घरं आखणाऱ्यांचं म्हणणं होतं. उझो निशियामा या वास्तुतज्ज्ञाने सामान्य लोकांच्या घरांची पाहणी केली. त्याला दिसलं की अगदी लहान घरातही माणसं जेवायची जागा झोपायच्या जागेपासून वेगळी ठेवायला बघतात. खोली बदलता येते, म्हणून माणसं ती रोज बदलतातच असं नाही. त्याने जेवण आणि झोप वेगळी ठेवण्याची बाजू मांडली. १९५१ च्या ‘५१सी’ या सार्वजनिक घरांच्या आराखड्यात स्वयंपाकघर जेवता येईल एवढं मोठं केलं गेलं, त्यामागे हा विचार होता.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. त्यात इस्त्रीची फळी भिंतीला घडी होते, पण सिंक आणि ओटा पक्का आहे. यावरून मी माझ्यापुरता नियम काढला: रोज खूप वेळ लागणारी वस्तू उभी राहू द्या, कधीतरी लागणारी घडीची घ्या.

मग काय घेतलं?

आत्याला मी हे सुचवलं:

१. ६ बाय अडीच फुटांचा दिवाण, खाली ड्रॉवर असलेला. वरची फळी उचलायची पेटी नको, कारण आजी आडव्या असताना ती उघडता येत नाही. आणि पूर्ण ड्रॉवर बाहेर येईल एवढी समोर जागा सोडायची.

२. टीव्ही युनिटशेजारी ३ बाय दीड फुटांचं पक्कं टेबल. घडीचं नाही, कारण ते रोज तासन्‌तास लागणार.

३. पाहुण्यांसाठी दोन फोल्डिंग खुर्च्या, दारामागे.

४. आतेबहिणीची गादी पूर्वीसारखीच, सकाळी वळकटी करून बाजूला. दिवाण आणि टेबल यांच्यात ६ फूट उरतात, रात्री खुर्ची आत सरकवली की गादी आरामात बसते.

दिवाणही बहुउपयोगीच आहे: बसणं, आडवं होणं, सामान ठेवणं. पण त्यातला एक उपयोग दुसऱ्याला थांबवत नाही. आजी भिंतीला तक्क्या लावून आडव्या असतात आणि पायाशी काका चहा पीत बसतात. वस्तू निवडताना मी आता एवढंच बघते: हिचे उपयोग एकत्र नांदतात, की एकासाठी दुसऱ्याला उठावं लागतं?

आणि माझं काय चुकलं

तीन आठवड्यांनी गेले तर अर्ध्या टेबलावर इस्त्रीचे कपडे, औषधांचा डबा, लाइटचं बिल. आतेबहीण उरलेल्या अर्ध्यात लिहीत होती. मी वही पुन्हा काढली. दोन दिवसांच्या ७२ रकान्यांत मी फक्त माणसं टिपली होती, वस्तू कुठे ठेवल्या जातात ते एकदाही नाही. जुन्या कॉटच्या एका टोकावर हे सगळं सामान असायचं, ते मला दिसत होतं, पण माझ्या रकान्यात त्याला जागाच नव्हती. तुमच्या तक्त्यात जे नाही ते तुमच्या निष्कर्षातही येत नाही. शेवटी सुताराला बोलावून टेबलाच्या वर एक फळी ठोकून घेतली.

आत्याची एक तक्रार अजून आहे. “सोफा असता तर हॉल बरा दिसला असता.” तिचंही बरोबर आहे. पाहुण्यांसमोर घर नीटनेटकं दिसणं हाही फर्निचरचा उपयोग आहे आणि तो माझ्या यादीत नव्हता. हे सगळं एकाच घराचं, दोन दिवसांचं निरीक्षण आहे. तुमच्या घरात उत्तर वेगळं निघेल, पद्धत वापरून बघा.

या रविवारी एक करा. तुमच्याच हॉलमध्ये सकाळपासून दर अर्ध्या तासाने टिपा: कोण, कुठे, काय करतंय आणि कोणती वस्तू कुठे पडलीय. संध्याकाळी घरच्यांना आधी तोंडी विचारा, मग वही उघडा. दोन्हींत जिथे फरक दिसेल, तिथे तुमचा पहिला संशोधन प्रश्न सापडण्याची शक्यता बरीच आहे.