एका कथेतले तीन स्तर

शिक्षणशास्त्र अध्यापनाचे तीन स्तर मानते: स्मृती, आकलन आणि चिंतन. हर्बार्ट, मॉरिसन आणि हंट ही नावे त्यांच्याशी अनुक्रमे जोडली जातात. परभणी जिल्ह्यातले पोखर्णी हे गाव नृसिंह मंदिरासाठी ओळखले जाते, आणि तिथल्या वर्गात हे तिन्ही स्तर नृसिंहाच्याच कथेतून दाखवता येतील. नृसिंहाने मारलेल्या हिरण्यकशिपू या दैत्याच्या, मरण टाळणाऱ्या वरातल्या अटी (माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको) पाठ सांगणे ही स्मृती. नरसिंहरूप, सांजवेळ आणि उंबरठा यांमुळे एकही अट कशी मोडली नाही, हे उलगडणे म्हणजे आकलन. मग मुलांनी पळवाट नसलेला नियम लिहावा आणि बाकीच्या वर्गाने तीच शोधावी. चिंतन इथे सुरू होते.

पाठांतराला कमी लेखू नका, हा आक्षेप रास्तच आहे. अटीच आठवल्या नाहीत तर पळवाट तपासणार कशी? पण म्हणून चिंतन वरच्या इयत्तांसाठी राखून ठेवणे मला पटत नाही. चौथीतली मुलेसुद्धा खेळाचे नियम वाद घालूनच ठरवतात. खरी अडचण वेळेची: असा तास लांबतो आणि त्याचे गुण चटकन देता येत नाहीत. तरीही प्रत्येक घटकात तो एकदा तरी व्हायलाच हवा.